शमीच्या जागी खुळखुळा

प्रश्न नववा होता. 'पेशंटला नसलेल्या गोष्टी दिसतात का?' आणि त्यापुढच्या 'हो'च्या चौकोनात नीलिमानं बरोबरची खूण केली होती. चांगली ठसठशीत, मास्तर वहीवर करतात तशी.

गोपीनाथ पालशेतकरांनी तो कागद चोरून वाचला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लेकीच्या वस्तूंना हात लावायची त्यांना सवय नव्हती. पण मेमरी क्लिनिकचा फॉर्म कुणी डायनिंग टेबलवर पाण्याच्या जगाखाली ठेवतं का? ठेवलाच, तर माणसाला तहान लागणारच. त्यांनी जग उचलला, पाणी प्यायले नाहीत, आणि उभ्या उभ्या चौदाही प्रश्न वाचून काढले. घरच्या माणसानं भरायचा फॉर्म होता. चौथ्या प्रश्नापुढं, 'केलेली गोष्ट केल्याचं विसरतात का?' असं जिथं विचारलं होतं तिथं, नीलिमानं काहीच लिहिलं नव्हतं. पेन टेकवून पुन्हा उचलल्याचा एक निळा ठिपका तेवढा होता. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण नवव्या प्रश्नाची खूण पाहून त्यांचे कान तापले. चौतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला चीफ इंजिनिअर, ज्याला नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचं बिनसलंय ते कळायचं, त्याला म्हणे नसलेल्या गोष्टी दिसतात!

ती नसलेली गोष्ट म्हणजे एक पतंग होता.

दिव्यावर झेपावणाऱ्या जातीतला नव्हे. हा दिवसा उडायचा, तोही भर बाराच्या उन्हात, जेव्हा सिंगापूरमधला शहाणा माणूस एसीखालून हलत नाही. अंगठ्याच्या नखाहून थोडासा मोठा. पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके, टिकल्यांचं पाकीट सांडल्यासारखे. गुडघ्याच्या वर कधी उडायचा नाही. दहा पावलं गेला, की कुठल्यातरी पानाखाली उलटा लटकून बसायचा, आणि मग शोधा म्हणावं; फोनवर फोटो काढू गेलं, तर नुसतं गवत यायचं. ईस्ट कोस्टच्या त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, मागच्या कुंपणालगत, कालव्याच्या बाजूला खुळखुळ्याची पाच झुडपं आपोआप उगवली होती. पिवळी फुलं, आणि वाळल्यावर आत बिया वाजणाऱ्या शेंगा. गावी गुहागरला पोरं त्या कानाशी हलवत हिंडायची. त्या पाच झुडपांवर हा पतंग जुलैमध्ये गोपीनाथांना पहिल्यांदा दिसला, आणि तेव्हापासून ते रोज बारा वाजता डोक्याला रुमाल बांधून तिथं जाऊन बसत.

घरी त्यांनी सांगितलं, एकदा नाही, दहादा सांगितलं. नीलिमा हार्बरफ्रंटला शिपिंगच्या ऑफिसात, जावई सारंग बँकेच्या आयटीत. दोघं घरी यायचे सात वाजता. सात वाजता दिवसाचा पतंग कसा दिसणार? दोन रविवार दोघं खाली आलेही, तर एका रविवारी पाऊस आणि दुसऱ्या रविवारी ढग. सारंगनं गुडघे टेकून फोनचा टॉर्चसुद्धा मारला.

"बाबा, इथं मुंग्या आहेत," तो म्हणाला. जावई म्हणून बाकी गुणी माणूस, पण त्या क्षणी गोपीनाथांना त्याला कालव्यात ढकलून द्यावंसं वाटलं.

आता, नीलिमाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ती काही दुष्ट नव्हती. मार्चमध्ये कुकर जळून काळा झाला होता आणि गोपीनाथ शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मे महिन्यात चांगी पॉइंटच्या जेट्टीवरून सारंगला फोन आला होता; तुमचे अंकल तीन तास इथं बाकावर बसलेत, पुलाउ उबीन बेटावर जाणारी छोटी बमबोट आली की उठतात, गेली की बसतात, कुठं जायचंय ते सांगत नाहीत. "समुद्र बघायला गेलो होतो," असं गोपीनाथांनी ठणकावून सांगितलं. समुद्र तर घरापासून दहा मिनिटांवर होता. आई, म्हणजे आशालता, जाऊन दोन वर्षं झाली होती. नीलिमा दिवसभर ऑफिसात, आणि फोनची रिंग वाजली की हातातलं काम टाकून आधी कुणाचा आहे ते बघायची.

आणि म्हणून तळेगाव. तिथं स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र होतं. स्वच्छ, हवेशीर, चोवीस तास नर्स. गोपीनाथांचा इथं राहण्याचा पास सप्टेंबरअखेर संपत होता. तो पुन्हा काढायचा नाही, आणि गणपती झाल्यावर बाबांना तिकडं पोचवायचं, असं नवराबायकोनं हळू आवाजात ठरवलं होतं. गोपीनाथांचा मेंदू कसाही असेल, कान शाबूत होते.

ते केंद्र त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या बोटीवरचा चीफ ऑफिसर, निशिकांत, तिथंच होता. चार वर्षांपूर्वी गोपीनाथ त्याला भेटायला गेले, तेव्हा निशिकांत व्हरांड्यात खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे, नखं कापलेली. कशात काही कमी नव्हतं. वादळात बोटीचं नाक वळवणाऱ्या त्या माणसानं गोपीनाथांकडं बघून अदबीनं विचारलं, "जेवण साडेबाराला ना?" पुढच्या तासाभरात त्यानं तेच सहा वेळा विचारलं. परतीच्या गाडीत गोपीनाथ रडले होते. तळेगाव म्हटलं की त्यांना तो व्हरांडा दिसायचा, आणि त्यात निशिकांतशेजारी मांडलेली दुसरी खुर्ची.

तेव्हा ती खूण पुसायची. काय वाटेल ते करून.

त्यांनी नीलिमाला समोर बसवलं. "तुला तो पतंग दाखवला तर?"

"बाबा, प्लीज. पुन्हा तेच नको."

"नाही, तू उत्तर दे. तो पतंग खरा निघाला, तर हा नववा प्रश्न तू खोडशील?"

आपला फॉर्म त्यांनी वाचला, हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "मला माझ्या डोळ्यांनी दाखवा," ती शेवटी म्हणाली, "तर मी फॉर्म नवीन भरेन. पासचा अर्जही करेन. एक वर्षाचा तरी. प्रॉमिस. पण गणपतीपर्यंतच हं, त्यानंतर मला रोज उठून हे सहन होत नाही, बाबा." शेवटचं वाक्य बोलताना ती रडायच्या बेतात होती. गोपीनाथांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या घटकेला त्यांना दोघांचीही कीव आली.

आता पतंग पकडायचा म्हटलं, तर बहात्तराव्या वर्षी जाळं घेऊन धावणं काही जमेना. एकदा पडले, गुडघा फुटला, आणि तो लपवण्यासाठी आठवडाभर फुल पँट घालून फिरावं लागलं. शिवाय त्या ऑगस्टात मोठे पतंग दिसेनासेच झाले. पण झुडपांवर त्यांच्या अळ्या होत्या! काळ्या-पांढऱ्या, पाठीवर नारिंगी ठिपक्यांच्या. त्या दुसऱ्या कुठल्या पानाला तोंड लावत नव्हत्या. शेजारी जास्वंद होती, एक्झोरा होती, सगळी हिरवीगार. यांना पाहिजे खुळखुळाच. हिरव्या शेंगेला भोक पाडून आत शिरायच्या आणि बिया खाऊन बाहेर यायच्या. बोटीच्या लॉगबुकात नोंदी कराव्यात तशा गोपीनाथांनी वहीत नोंदी केल्या. गणपतीच्या दहा दिवस आधी तीन अळ्यांनी पानं गुंडाळून आत पातळ रेशमाचे कोश केले. दहा दिवसांत पतंग बाहेर पडणार. म्हणजे बरोबर चतुर्थीला, फार तर एक दिवस इकडं-तिकडं.

कोश त्यांनी नीलिमाला दाखवले. "ही जळमटं आहेत, बाबा," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. खोलीत बरणीत आणून ठेवायचा विचार त्यांनी केला, पण एक कोश हलवताना फुटला तर? तीनच तर होते. झुडपावरच राहू देत, असं त्यांनी ठरवलं.

त्यासाठी माळ्याला सांगणं भाग होतं. सेल्वम पन्नाशीचा, तंजावूरकडचा माणूस, कॉन्ट्रॅक्टरकडं कामाला. मद्रासच्या गोदीत शिकलेली दीडशे तमिळ वाक्यं गोपीनाथांना येत, त्यातली निम्मी शिव्या होत्या, त्यामुळं दोघांचं छान जमायचं. सेल्वमनं त्या पाच झुडपांभोवती काठ्या रोवून लाल-पांढरी टेप बांधली. "नो कट, अंकल. मशीन कम, आय स्टॉप. डोन्ट वरी लाह," असं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला. टेपची टोकं मात्र गोपीनाथांनी स्वतः बांधली. दोन वेढे, तिसरा खालून, टोक आत दाबलेलं. ही बोटीवरची गाठ ते घरात सगळीकडं मारत. कचऱ्याच्या पिशवीला, तांदळाच्या पोत्याला, एकदा तर केकच्या खोक्याला. ती कात्रीशिवाय सुटत नसे आणि नीलिमा वैतागत असे. तिला सातव्या वर्षी त्यांनीच ती शिकवली होती. पण तिनं ती आयुष्यात कधी मारली नाही.

तर, शनिवारी चतुर्थी होती. गोपीनाथ सात वाजता उठले तेव्हा घरात मोदकांचा वास होता. आज दहावा दिवस. आंघोळ करून ते दाराशी आले, पायात चपला सरकवल्या, तर त्या ओल्या. सारंगनं बाथरूममध्ये घातल्या असणार, म्हणून मनातल्या मनात त्याला दोन शब्द ऐकवले. उजव्या अंगठ्यावर कसलासा ताजा ओरखडा चुरचुरत होता, त्यावर फुंकर मारत लिफ्टनं खाली गेले.

कुंपणापाशी खुळखुळा नव्हता.

काठ्या होत्या. टेप होती, एका बाजूनं जमिनीला लागलेली. आणि आत पाच बुंधे, जमिनीपासून वीतभर, तिरके कापलेले. गोपीनाथ पुढं गेले, मागं आले, कुंपणाची जागा चुकली का म्हणून जिन्यापासून पुन्हा मोजत आले. तेच कुंपण, तोच कालवा. मग ते मातीत गुडघ्यांवर बसले आणि हातांनी गवत चाचपू लागले. एक तरी गुंडाळलेलं पान, एक तरी कोश. पिवळी दोन फुलं सापडली. एक शेंग सापडली. तोंडातून नुसता "अरे, अरे" एवढाच आवाज येत होता. महिनाभर ज्या एका गोष्टीला धरून ते उभे होते, तीच कुणीतरी कापून नेली होती. आता नीलिमाला काय दाखवणार? पाच बुंधे? ती म्हणेल, बाबा, इथं झुडपं होती कशावरून? डोळ्यांपुढं व्हरांडा आला. दुसरी खुर्ची आली.

आठ वाजता सेल्वम झाडू घेऊन आला, तर हे चिखलात बसलेले.

"यू कट!" गोपीनाथ ओरडले. मग तमिळमधली ती निम्मी वाक्यं सगळी बाहेर पडली. सेल्वमच्या हातातला झाडू खाली पडला.

"अंकल, आय नेव्हर टच. गॉड प्रॉमिस. आय जस्ट कम नाऊ!"

"मग कुणी कापलं? भुतानं?" हे मराठीतच झालं. "तुझ्याशिवाय इथं कात्री कुणाकडं असते?" सेल्वमनं वाकून बुंध्यांकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण गोपीनाथ ऐकायला थांबलेच नाहीत. डोक्यात राख घालून ते तडक कॉन्डोच्या ऑफिसात गेले.

मॅनेजर लिमबाई शनिवारी सकाळी असायच्या. गोपीनाथांनी तक्रार लिहून दिली. मुद्देसूद, क्रमवार, जहाजावरच्या अपघाताचा रिपोर्ट लिहावा तशी. सांगूनही, टेप लावूनही, माळ्यानं मुद्दाम झुडपं तोडली. खाली सही. लिमबाईंनी वाचलं, कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, दोन मिनिटं 'येस, येस' केलं आणि फोन ठेवला. ह्या माणसाबद्दल मागंही एक तक्रार होती म्हणे. कॉन्ट्रॅक्टर आजच त्याला इथून हलवतोय, कामाचं परमिट रद्द करून पुढच्या आठवड्यात घरी पाठवेल. सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स, अंकल.

घरी पाठवेल. हे ऐकून गोपीनाथांना बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर, गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. आपल्याला कुणी पाठवतंय, तर आपणही कुणाला तरी पाठवू शकतो.

वर आल्यावर नीलिमानं त्यांचे चिखलाचे गुडघे पाहिले. रागावली असती तर परवडलं असतं. तिनं फक्त धुतलेला सदरा काढून दिला आणि म्हणाली, "बाबा, साडेअकराला पूजेला बसायचंय. तोवर जरा पडा." तिच्या आवाजात निर्णय झालेला होता. गोपीनाथ पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्यांनी देवाला विनवलं नाही. त्यांना कुणाला विनवायचं तेच सुचत नव्हतं.

साडेअकराला सारंग सोवळं नेसून पाटावर बसला. फोनवर पूजेचं पुस्तक उघडून तो एकेक मंत्र अडखळत वाचत होता. गोपीनाथ बाजूच्या खुर्चीत होते. समोर वीतभर उंचीची शाडूची मूर्ती, ताटात दूर्वा, फुलं आणि पत्री.

पत्रीचं या घरात एक शास्त्र होतं. आशालतेचं. एकवीस म्हणजे एकवीस पत्री झाल्याच पाहिजेत, असा तिचा हट्ट. पण सिंगापुरात सगळ्या मिळणार कुठून? लिटिल इंडियात निम्म्या मिळायच्या. उरलेल्यांना तिनं बदली माणसं नेमली होती. डोरलीच्या जागी वांग्याचं पान. देवदाराच्या जागी कॉन्डोच्या दारातलं सुरूचं. शमीच्या जागी खुळखुळा; कारण पानं दोन्हींची सारखी नसली तरी शेंगा दोन्हींना येतात, एवढं बाप्पा समजून घेतील, असं ती म्हणायची. कॅलेंडरच्या पानामागं लिहिलेली ती यादी अजून फ्रिजवर होती. खुळखुळ्यापुढं तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'हे ह्यांनी आणायचं, पहाटे, पाण्यात ठेवायचं.' सहा वर्षं गोपीनाथ चतुर्थीच्या पहाटे कात्री घेऊन जात, जुडी बांधून आणत आणि बाल्कनीतल्या बादलीत ठेवत. ती गेल्यावर गेल्या वर्षी कुणी काही आणलं नव्हतं.

"शमीपत्रं समर्पयामि," सारंगनं वाचलं. "शमी कुठली यातली?"

"शमी नसेल रे, कुठलंही वाहा. थांब, हा बघ, आईचा खुळखुळा पण आहे की!" नीलिमानं ताटातून एक जुडी उचलली. "वा, यंदा आठवणीनं आणलास तू. सकाळी बादलीत बघून मला इतकं बरं वाटलं."

"मी? मी कुठं आणला? मला वाटलं तू."

"मी पाकीट आणलं फक्त, लिटिल इंडियातलं. अकरा पानांचं."

दोघंही एकमेकांकडं बघत राहिली. गोपीनाथ जुडीकडं बघत होते. पाच फांद्या, पिवळी फुलं, खाली तिरके कापलेले देठ. देठांना पांढरी सुतळी. दोन वेढे, तिसरा खालून, टोक आत दाबलेलं.

त्यांनी आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. ओरखडा तिथंच होता. चपला ओल्या होत्या, कारण पहाटे गवतावर दव असतं. सगळं जुळत होतं, एका इंजिनिअरला पटावं इतकं चोख जुळत होतं. फक्त मध्ये जिथं आठवण असायला हवी तिथं काही नव्हतं. त्यांनी डोळे मिटून शोधलं. पहाट. लिफ्ट. कात्री. टेप ओलांडताना आपल्याला आपलेच कोश कसे दिसले नाहीत? एका बाजूची टेप खाली कशी आली? काहीही सापडेना. रात्री झोपलो, सात वाजता उठलो, एवढंच होतं. कुकरच्या वेळी, जेट्टीच्या वेळी ते भांडले होते, कारणं दिली होती. आता भांडायला समोर कुणी नव्हतं.

"अय्या!" नीलिमा किंचाळली.

मूर्तीच्या पायाशी ठेवलेल्या जुडीत एक गुंडाळलेलं पान हललं होतं. त्यातून काहीतरी चुरगळलेलं, ओलसर बाहेर आलं, फांदीवर चढलं आणि थांबलं. बाप्पाला श्रेय द्यायचं असेल त्यानं द्यावं. गोपीनाथांच्या वहीप्रमाणं तो दहावा दिवस होता. सारंगचे मंत्र थांबले. तिघंही जागची हलली नाहीत. त्या चुरगळलेल्या चिंधीचे हळूहळू पंख झाले. पांढरे, त्यावर लाल ठिपके, काळे ठिपके. अर्ध्या-पाऊण तासानं, बाल्कनीतून ऊन सरळ पाटापर्यंत आलं तेव्हा, पतंग उडाला. ताटावरून गेला, सारंगच्या मांडीवरून गेला, गुडघ्याच्या वर मुळीच गेला नाही, आणि बाल्कनीतल्या तुळशीच्या पानाखाली उलटा लटकून बसला.

"बाबा!" नीलिमा त्यांच्यापाशी येऊन जमिनीवरच बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "खराच आहे हो तो! मी... मी किती वाईट वागले तुमच्याशी! दोन महिने तुम्ही जीव तोडून सांगताय. फाडून टाकते मी तो फॉर्म. सोमवारी पासचा अर्ज करते. कुठं जायचं नाही तुम्ही. ऐकलंत? कुठं म्हणजे कुठं नाही." तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

हेच शब्द ऐकायला गोपीनाथ दोन महिने उन्हात बसले होते. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. जुडी मूर्तीच्या पायाशी होती, आता तिच्यावर फुलं पडतील, हार पडेल, उद्या ती निर्माल्यात जाईल, आणि गाठही. ती गाठ कुणी निरखून पाहिली नव्हती. पाहण्याचं कारणच नव्हतं. झुडपं सेल्वमनं कापली आणि जुडी कुणीतरी शेजाऱ्यानं आणून ठेवली, असं काहीतरी जुळवता आलं असतं. लोक आनंदात असले की फार चौकशी करत नाहीत. गोपीनाथ गप्प राहिले. आरती झाली, तरी गप्प राहिले. सारंगनं दिलेला मोदक त्यांनी हातात धरून ठेवला. त्यांना तळेगावला जायचं नव्हतं. लेकीजवळ राहायचं होतं, इथं, या घरात, फ्रिजवर आशालतेची यादी असलेल्या घरात. दुसरं काहीही त्यांना आयुष्याकडून नको होतं.

मोदक घेऊन ते बाल्कनीत गेले. पतंग तुळशीखालीच होता. खाली गेटपाशी, गार्डच्या खोलीच्या सावलीला, सेल्वम आपल्या बॅगेवर बसला होता. कॉन्ट्रॅक्टरची लॉरी यायची असावी. त्याचे रबरी बूट एका बाजूला नीट उभे करून ठेवलेले होते. तो कुणाकडं बघत नव्हता, फोनवर बोलत नव्हता, नुसता बसला होता, हात मांडीवर ठेवून. त्या बसण्याकडं गोपीनाथ बघत राहिले. तसं बसणं त्यांनी एका व्हरांड्यात पाहिलेलं होतं.

"नीलू," त्यांनी हाक मारली. "ती खुळखुळ्याची जुडी आण इकडं."

"अहो, वाहिलेली आहे ती."

"आण. आणि गाठ बघ."

तिनं आणली. आधी हसत बघितलं, मग तिची बोटं त्या गाठीवरून फिरली, दोन वेढे, तिसरा खालून, आणि टोकावर येऊन थांबली. तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा आनंद तसाच होता, अजून जायचा होता.

"ही तर तुमची..."

"तू नाही ना बांधलीस?"

"नाही."

"सारंगला येत नाही. मग राहिलं कोण?"

"कधी आणलीत बाबा?" ती अगदी हळू म्हणाली.

"तेच तर मला माहीत नाही, नीलू. मला काहीच माहीत नाही. मीच कापली आणि त्या बिचाऱ्यावर आळ घेतला. लिहून दिलं, सही केली. तो बघ खाली. माझ्यामुळं घरी पाठवतायत त्याला." आणि मग तो चौतीस वर्षं बोटीवर काढलेला चीफ इंजिनिअर लेकीसमोर ओक्साबोक्शी रडला. तिनं त्यांना धरलं, पण काही नाही होत, असं म्हणाली नाही. म्हणता येण्यासारखं नव्हतंच ते.

रडणं संपल्यावर त्यांनी सदऱ्यानं तोंड पुसलं. "तो फॉर्म फाडू नकोस," ते म्हणाले. "घेऊन ये. पेनही."

फॉर्म आणल्यावर त्यांनी आधी नवव्या प्रश्नाची खूण खोडली, दोन आडव्या रेघांनी, आणि शेजारी 'नाही' लिहिलं. ती खोडाखोड त्यांच्या हक्काची होती. मग कागद वर सरकवून ते चौथ्या प्रश्नावर आले. निळा ठिपका तिथं होता. पोरीनं तिथं पेन टेकवलं होतं आणि तिचा हात धजावला नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं. त्या ठिपक्यापासूनच सुरू करून त्यांनी 'हो'च्या चौकोनात खूण केली. चांगली ठसठशीत खूण झाली.

"आता लिमबाईंना फोन लाव, लॉरी यायच्या आत," ते म्हणाले. "मीच बोलणार आहे. मध्येच विसरलो, तर पुढचं तू सांग."